ऑलिव्ह मॉरिस आठवते का? ब्रिक्स्टनमधल्या एका सामूहिक स्मृतिप्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण लंडनमध्ये ब्रिक्स्टन हिल या रस्त्यावर लॅम्बेथ कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, एक कचेरी होती. पालिकेची घरं, भाडं, कर अशा कामांसाठी लोकांचं तिथं जाणं-येणं असे. १९८६ साली या इमारतीला ‘ऑलिव्ह मॉरिस हाउस’ असं नाव मिळालं. ते आपोआप मिळालं नव्हतं. ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप या स्थानिक स्त्रियांच्या गटानं त्यासाठी पालिकेकडे लावून धरलं होतं. पुढे वीस-बावीस वर्षं पाटी दारावर राहिली आणि पाटीवरची बाई मात्र लोकांच्या बोलण्यातून हळूहळू निघून गेली. नवी पिढी आली, जुनी माणसं दुसरीकडे राहायला गेली, काही वारली. २००८ मध्ये काही स्त्रियांनी एकत्र येऊन एक साधा प्रश्न परिसरात फिरवायला सुरुवात केली: तुम्हाला ऑलिव्ह मॉरिस आठवते का?

त्या प्रश्नातून मुलाखती झाल्या, अभिलेखागारात एक संग्रह उभा राहिला, प्रदर्शन भरलं, शाळांसाठी पुस्तिका निघाली. आपल्याकडे ग्रंथालयं, महिला मंडळं, नाट्यसंस्था, महाविद्यालयांचे इतिहास विभाग स्थानिक इतिहासावर कार्यक्रम करत असतात. त्यांना या प्रकरणातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. माझं मत आधीच सांगते. या प्रकल्पाचं बळ त्यातल्या कामांच्या क्रमात आहे. आधी विचारलं, मग जपून ठेवलं, मग दाखवलं. बहुतेक कार्यक्रम हा क्रम उलटा लावतात आणि म्हणूनच वर्षभरात विरून जातात.

ऑलिव्ह कोण होती

ऑलिव्ह मॉरिसचा जन्म २६ जून १९५२ चा, जमैकातल्या सेंट कॅथरीन भागातला. आईवडील आधी इंग्लंडला आले आणि ऑलिव्ह नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडे आली. आई डोरिस कारखान्यात काम करायची आणि तिथल्या कामगार संघटनेची प्रतिनिधी होती. ऑलिव्हनं शाळा सोडली तेव्हा हाती एकही प्रमाणपत्र नव्हतं. शिक्षण तिनं पुढे स्वतःच्या हिमतीवर घेतलं.

तिचं नाव पहिल्यांदा गाजलं ते १५ नोव्हेंबर १९६९ च्या घटनेमुळे. ब्रिक्स्टनमधल्या अटलांटिक रोडवर डेझमंड्स हिप सिटी नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, कृष्णवर्णीय मालकाचं. दुकानाबाहेर एक मर्सिडीज उभी राहिली. आत बसले होते क्लेमंट गोमवॉक, नायजेरियाचे राजनैतिक अधिकारी. काळ्या माणसाकडे एवढी महागडी गाडी कशी, या संशयावरून पोलिसांनी त्यांना बाहेर ओढलं आणि मारहाण केली. गर्दी जमली. सतरा वर्षांची ऑलिव्ह त्या गर्दीत होती. तिला अटक झाली आणि कोठडीत इतका मार बसला की चेहरा ओळखू येत नव्हता, असं तिच्या भावानं पुढे सांगितलं. केसांना आखूड कात्री लावलेली, अंगावर पुरुषी कपडे. ती मुलगी आहे हे ‘सिद्ध’ करायला लावून पोलिसांनी तिची विटंबना केली. शिक्षा मात्र तिलाच झाली: पोलिसाला मारल्याबद्दल दहा पौंड दंड आणि निलंबित तुरुंगवास.

इथं जरा थांबायला हवं, कारण इतिहास गोळा करणाऱ्यांची खरी परीक्षा अशाच जागी असते. या दिवसाच्या दोन हकिगती आहेत. घटनेनंतर दहाएक वर्षांनी एका स्थानिक पत्रकारानं लिहिलेल्या वृत्तांतात ऑलिव्ह गर्दीतून वाट काढत थेट पोलिसांच्या आडवी जाते. स्वतः ऑलिव्हनं चळवळीच्या वार्तापत्रात सांगितलेल्या हकिगतीत मात्र ती तिथं पोचली तेव्हा गोमवॉक यांना नेलेलं होतं; पोलिसांना जाब विचारणाऱ्या मित्रमंडळींबरोबर ती पकडली गेली. पहिली हकिगत पोवाड्यासारखी आहे आणि लोकांच्या तोंडी तीच बसली. दुसरी साधी आहे, पण ती तिची स्वतःची आहे. दुसऱ्या हकिगतीनं ऑलिव्हची उंची कमी होते असं मला वाटत नाही. त्या दिवशी रस्त्यावर एकटी वीरांगना नव्हती, आपसात ओळख असलेल्या तरुण मुलामुलींचा घोळका होता, हे त्यातून कळतं. पुढची सगळी गोष्ट त्या घोळक्याचीच आहे.

यानंतर ती ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीत गेली; कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या या चळवळीनं आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. त्या काळातलं नील केनलॉक यांनी टिपलेलं तिचं छायाचित्र आज सर्वांत जास्त पाहिलं जातं. हातात पोलिसी अत्याचाराविरुद्धचा फलक, आणि चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. १९७३ मध्ये तिनं आणि मैत्रिणींनी ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप सुरू केला. पँथर गटांत स्त्रिया होत्याच. ब्रिटिश पँथरचं नेतृत्वच अल्थिया जोन्स-लकॉइंट या त्रिनिदादच्या स्त्रीकडे होतं. तरीही घर, मुलं, दवाखाना, शाळा हे प्रश्न बैठकीच्या यादीत शेवटी यायचे. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीतही त्यांचं जमेना. तिथं गर्भपाताचा हक्क ही पहिली मागणी होती. या स्त्रियांपुढे त्याच्या जोडीला दुसरंच संकट उभं होतं: नीट न सांगता टोचलं जाणारं डेपो प्रोव्हेरा या गर्भनिरोधकाचं इंजेक्शन आणि नको असताना होणारी नसबंदी. आपलं गाऱ्हाणं मांडायला आपलीच बैठक हवी, हे त्यांच्या लक्षात आलं. ‘स्पीक आउट’ नावाचं वार्तापत्र निघालं. पुढे स्टॉकवेल ग्रीन इथं स्त्रियांचं केंद्रही चाललं.

त्याच साली ऑलिव्ह आणि तिची मैत्रीण लिझ ओबी यांनी १२१, रेल्टन रोड या रिकाम्या घराचा ताबा घेतला. लंडनमध्ये तेव्हा हजारो घरं कुलूपबंद होती आणि काळ्या भाडेकरूंना घर नाकारणं सर्रास चाले. कायद्यानं असा ताबा हा तेव्हा दिवाणी मामला होता; आत शिरलेल्याला बाहेर काढायचं तर मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागे. राहत्या घरांच्या बाबतीत तो फौजदारी गुन्हा ठरला तो पार २०१२ मध्ये. या दोघींना बाहेर काढलं गेलं, त्या परत आत गेल्या. घराच्या छपरावर चढणाऱ्या ऑलिव्हचं छायाचित्र १९७९ मध्ये रिकाम्या घरात राहणाऱ्यांसाठी निघालेल्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आलं. भाषण देणारी, माळ घातलेली, टेबलामागे बसलेली नेता आपण नेहमी बघतो. इथं एक तरुण मुलगी कौलांवर हातापायांनी चढताना दिसते. त्या घरात पुढे सबार हे कृष्णवर्णीयांचं पुस्तकांचं दुकान चाललं. नंतर तिथं अराजकतावादी मंडळींचं केंद्र आलं आणि ते १९९९ पर्यंत टिकलं.

१९७५ ते १९७८ ती मँचेस्टरला सामाजिक शास्त्रं शिकायला होती. तिथंही ती मॉस साइड भागातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सहकारी गटात आणि मुलांच्या पूरक शाळेच्या कामात शिरली. १९७७ मध्ये चीनला जाऊन आली आणि ‘स्पीक आउट’मध्ये त्याबद्दल लिहिलं. लंडनला परतल्यावर स्टेला डॅडझी वगैरे कार्यकर्त्यांबरोबर ‘ओवाड’ या आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांच्या देशव्यापी संघटनेच्या उभारणीत भाग घेतला. संघटनेची पहिली परिषद मार्च १९७९ मध्ये ब्रिक्स्टनच्या अबेंग केंद्रात झाली आणि अडीचशेहून अधिक स्त्रिया आल्या. तोवर ऑलिव्हला कर्करोगानं गाठलं होतं. १२ जुलै १९७९ ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ती गेली.

हीथ्रो, पुणे आणि मुंबई

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. ‘ओवाड’चा सर्वांत गाजलेला लढा एका भारतीय स्त्रीसाठी होता. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनला आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर ‘कौमार्य चाचणी’ केली गेली. अविवाहित स्त्रीला लग्नासाठी येताना व्हिसा लागत नसे, म्हणून ती खरं बोलते आहे का हे तपासायचं, एवढंच अधिकाऱ्यांचं समर्थन. वर्तमानपत्रात बातमी आली आणि आफ्रिकी, कॅरिबियन व आशियाई स्त्रिया विमानतळावर धरणं धरून बसल्या. सरकार आधी म्हणत होतं, असे प्रकार एक-दोनच झाले. २०११ मध्ये उघडकीला आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून निदान ऐंशी स्त्रियांच्या अशा तपासण्या झाल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या कितीतरी भारतातच, ब्रिटिश कचेऱ्यांमध्ये. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ या झेंड्याखाली जमैकाची ऑलिव्ह आणि भारतातून आलेली शिक्षिका एकत्र का येत होत्या, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा धागा रेल्टन रोडचाच आहे. पुण्यात जन्मलेले फारुख धोंडी शिक्षक म्हणून लंडनला होते आणि पँथर चळवळीत होते. रेल्टन रोडवरच्या चळवळीच्या पुस्तकांच्या दुकानावर ते राहत. १९७३ मध्ये त्या दुकानावर पेटते बाँब टाकले गेले आणि धोंडींना खिडकीतून उडी मारून जीव वाचवावा लागला. मुंबईच्या निर्मला निकेतनमध्ये शिकलेल्या माला सेन याच वर्तुळातल्या. पूर्व लंडनमधल्या बंगाली कुटुंबांना रिकामी घरं ताब्यात घ्यायला मदत करणाऱ्या संघटनेत दोघांनी काम केलं. आणि पँथर हे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं घेतलं तेही अमेरिकेतल्या त्याच चळवळीवरून. म्हणजे अटलांटिक रोडवर मारहाण झालेली मुलगी आणि वरळी-नायगावच्या चाळींमधली तरुण पोरं यांच्या शब्दकोशात एक शब्द सारखा होता.

विचारायला कोणी सुरुवात केली

पहिलं पाऊल लिझ ओबी यांनी टाकलं. २००० साली त्यांनी ब्रिक्स्टन ग्रंथालयात आपल्या मैत्रिणीवर एक प्रदर्शन मांडलं. कलादालन नाही, संग्रहालय नाही. जिथं लोक पेपर वाचायला आणि मुलं अभ्यासाला येतात ती जागा. पुढे लॅटिन अमेरिकेतून लंडनला आलेली आना लॉरा लोपेस दे ला तोर्रे ही कलाकार ऑलिव्हच्या शोधाला लागली. परक्या कलाकारानं दुसऱ्याच्या लढ्याचा इतिहास उचलायचा, यात धोका असतो. आपल्याकडेही गावाबाहेरचे लोक येतात, ‘प्रकल्प’ करतात, छायाचित्रं काढतात आणि निघून जातात. इथं तसं झालं नाही, याचं मोठं कारण म्हणजे तिनं लिझ ओबींना बरोबर घेतलं आणि काम एका गटाच्या हाती दिलं. २००८ मध्ये ‘रिमेंबरिंग ऑलिव्ह कलेक्टिव्ह’ उभं राहिलं. त्यात ऑलिव्हला ओळखणाऱ्या बायका होत्या आणि तिच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलीही.

गटानं ऑलिव्हच्या मैत्रिणी, सहकारी, शेजारी यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. पत्रं, पत्रकं, छायाचित्रं गोळा केली. हा सगळा ऐवज लॅम्बेथच्या अभिलेखागारात ‘ऑलिव्ह मॉरिस संग्रह’ म्हणून दाखल झाला. २००९ मध्ये व्हॉक्सहॉलच्या गॅसवर्क्स या कलादालनात प्रदर्शन भरलं, आणि प्रकल्पाची पुस्तिका निघाली तीही शाळांपर्यंत पोचावी या हेतूनं.

या कामात सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग मुलाखतींचा असतो. बाहेरून वाटतं, यंत्र चालू करायचं आणि बोलतं करायचं. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणातल्या शब्दांवर बोलणाऱ्याचा स्वतःचा स्वामित्वहक्क असतो. म्हणून मुलाखत झाल्यावर लेखी संमती घ्यावी लागते: हे कुठं ठेवायचं, कोणी ऐकायचं, प्रदर्शनात वापरायचं का, काही भाग इतक्या वर्षांसाठी बंद ठेवायचा का. चळवळीतल्या स्त्रियांच्या बाबतीत हा कागद म्हणजे नुसती औपचारिकता नसते. ज्यांनी रिकाम्या घरांत शिरून कुलपं बदलली, पोलिसांशी झटापट केली, ज्यांच्या मैत्रिणीनं नकोशा गर्भाबद्दल कधीतरी विश्वासानं सांगितलं, त्यांना काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायचा हक्क हवाच. मग ध्वनिफितीचा सारांश, कितव्या मिनिटाला कोणता विषय आला त्याची नोंद, नावांची शहानिशा. एका तासाच्या मुलाखतीमागे कितीतरी तासांचं बैठं काम असतं. कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात या तासांचे पैसे धरलेले मी फार क्वचित पाहिले आहेत.

महाराष्ट्रात हे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केलेलं आहे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी आठवणी लिहून घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. ते काम वीस वर्षं उशिरा सुरू झालं असतं तर कित्येक आवाज मिळालेच नसते. ब्रिक्स्टनच्या गटाला पवार-मून यांची माहिती होती असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या कामाचं मोल ज्याला कळतं त्याला ब्रिक्स्टनमध्ये काय चाललं होतं ते समजावून सांगावं लागत नाही.

कार्यक्रम आणि चळवळ

‘कला’ आणि ‘चळवळ’ यांची मोट इथं नव्यानं बांधली गेली असंही नाही. ब्रिक्स्टनमध्ये ती जुनी आहे. १९५८ मध्ये क्लॉडिया जोन्स यांनी वेस्ट इंडियन गॅझेट हे वर्तमानपत्र सुरू केलं, ब्रिक्स्टन रोडवर, एका रेकॉर्डच्या दुकानाच्या माडीवरून. त्याच उन्हाळ्यात लंडनच्याच नॉटिंग हिलमध्ये काळ्या वस्तीवर हल्ले झाले. जोन्स यांचं उत्तर होतं एक कार्निव्हल. ३० जानेवारी १९५९ ला, ऐन थंडीत, सेंट पँक्रास टाउन हॉलच्या बंद सभागृहात नाच, स्टील पॅनचं वादन, सौंदर्यस्पर्धा असा सगळा थाट झाला. बीबीसीनं तो दाखवला. आणि त्याच्या स्मरणिकेत छापलेलं होतं की उत्पन्नाचा काही भाग नॉटिंग हिल प्रकरणात दंड झालेल्या तरुणांसाठी जाईल. सार्वजनिक गणेशोत्सवाचं राजकारण जाणणाऱ्या मराठी माणसाला त्या स्मरणिकेतली ही एक ओळ लगेच भिडते. जोन्स यांच्यासाठी नाच म्हणजे निधी होता, सभा होती आणि दु:खावरचा उतारही.

२००८ सालीच ब्रिक्स्टनजवळ स्टॉकवेलमध्ये ‘ब्राँझ वुमन’ हा पुतळा उभा राहिला. हातांवर उंच धरलेलं मूल आणि काळी आई. इंग्लंडमधल्या सार्वजनिक जागेतला कृष्णवर्णीय स्त्रीचा तो पहिला पुतळा मानला जातो. गयानात जन्मलेल्या कवयित्री सेसिल नोब्रेगा यांनी आपल्या कवितेवरून तो व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्यांची जिद्द थोर आहे आणि पुतळा सुंदर आहे. पण त्याच वर्षी काही अंतरावर चाललेलं ऑलिव्हचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. पुतळ्यातली स्त्री सगळ्या आयांची प्रतिनिधी आहे, तिला नाव नाही. मुलाखतींमधल्या बायकांना नाव आहे, पत्ता आहे, भांडणं आहेत, एकमेकींशी मतभेद आहेत.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिक्स्टन पौंड हे फक्त स्थानिक दुकानांत चालणारं चलन निघालं आणि त्याच्या एक पौंडाच्या नोटेवर ऑलिव्हचा चेहरा आला. पाच पौंडांवर शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक, दहावर विचारवंत सी. एल. आर. जेम्स, वीसवर चित्रकार व्हॅन गॉग, कारण तोही तरुणपणी या भागात राहिला होता. भाजी घेताना, चहा पिताना हातात येणारी नोट ही कुठल्याही प्रदर्शनापेक्षा जास्त घरांत जाते. २०११ पासून आफ्रिकी-आशियाई वंशाच्या तरुण मुलींसाठी ऑलिव्हच्या नावानं अर्थसाहाय्यही सुरू झालं. त्याच सुमारास ब्रिक्स्टनच्या ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्जमध्ये ऑलिव्हच्या पिढीतल्या इतर कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह तयार होत होता. ती संस्था २०१४ मध्ये विंडरश चौकातल्या स्वतःच्या वास्तूत आली.

इमारत पडली तेव्हा

पालिकेनं कचेऱ्यांची फेररचना काढली आणि त्यात ऑलिव्ह मॉरिस हाउस पाडायचं ठरलं. २०१९ मध्ये, तिच्या मृत्यूला चाळीस वर्षं होताना, कलेक्टिव्ह दुसऱ्यांदा उभं राहिलं. जुन्यांपैकी काही जणी, बऱ्याचशा नव्या. २०२० मध्ये इमारत पाडली गेली.

त्याच वर्षी जून महिन्यात, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ब्रिटनच्या रस्त्यांवर मोर्चे निघत असताना, २६ तारखेला गूगलनं आपल्या ब्रिटनमधल्या मुखपानावर ऑलिव्हचं चित्र लावलं. असंख्य लोकांनी तिचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं आणि शोधलं. शोधल्यावर त्यांना काही सापडलं, कारण बारा वर्षांपूर्वी कोणीतरी मुलाखती घेऊन, कागद लावून, संग्रह करून ठेवला होता. नुसती पाटी असती तर इमारतीबरोबर तीही मलब्यात गेली असती. प्रसिद्धीची लाट कधी येईल हे कोणाच्या हाती नसतं. लाट येईल तेव्हा घरात दाणागोटा असावा, एवढंच आपल्या हाती असतं आणि या बायकांनी ते केलं होतं. लॅम्बेथचं अभिलेखागारही आता ब्रिक्स्टन हिलवरच्याच नव्या जागेत आलं आहे.

जिथं मला खटकतं

पहिली गोष्ट पैशांची आणि श्रमांची. कलेक्टिव्ह मुख्यतः बायकांच्या फावल्या वेळावर चाललं. ज्या बायका दिवसभर नोकरी, संध्याकाळी घर आणि त्यातून उरलेल्या वेळात मुलाखती करतात, त्यांच्यावर पालिकेच्या, शाळेच्या, कलादालनाच्या वाट्याचं काम पडतं. म्हणून असे गट काही वर्षांत थकतात आणि एखादी इमारत पाडायची वेळ आली की पुन्हा जमतात. स्मृतीचं काम संकटावर अवलंबून राहू नये. नगरपालिकेनं नाव दिलं तेव्हाच त्या नावामागची कागदपत्रं सांभाळायला एक माणूस आणि थोडी तरतूद दिली असती, तर वीस वर्षांची पोकळी पडली नसती.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. त्याची सुरुवात लंडनमध्ये चांगल्या हेतूनं झाली आणि त्यातून पुष्कळ उभं राहिलं. पण शाळा आणि ग्रंथालयं सगळं त्या एका महिन्यात कोंबतात. वक्त्यांना तेव्हा दिवसाला दोन बोलावणी आणि उरलेलं वर्ष सामसूम.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ऑलिव्हचा चेहरा जसजसा ओळखीचा झाला तसतसं ब्रिक्स्टन बदलत गेलं. बाजारातल्या गाळ्यांची भाडी चढली, अटलांटिक रोडवरच्या रेल्वे कमानींखालचे जुने दुकानदार २०१५-१६ च्या सुमारास हलवले गेले. ज्या रस्त्यावर ऑलिव्हला मार बसला तिथं आज राहणं तिच्या आईच्या पगाराच्या माणसाला परवडणार नाही. अशा वेळी तिचं चित्र भिंतीवर, नोटेवर, कपावर आलं की ते भागाची ‘रंगत’ वाढवणारं नक्षीकाम ठरायचा धोका असतो. दुसऱ्या खेपेला कलेक्टिव्ह जमलं त्याचं निमित्तच इमारत पाडण्याचं होतं, म्हणजे जागेच्या वापराचा प्रश्न पहिल्यापासून कामात होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. जिनं रिकाम्या घराच्या छपरावर चढून घराचा हक्क मागितला तिच्या नावाच्या कार्यक्रमात आजच्या भाड्याबद्दल कोणी बोलत नसेल, तर तो कार्यक्रम तिचा नाही.

आणि एकाच नावाभोवती सगळं गुंफल्यानं इतर जणी मागे पडतात, हा आक्षेपही बरोबर आहे. जेर्लिन बीन, बेव्हर्ली ब्रायन, गेल लुईस, लिझ ओबी यांनी तेच काम त्याच बैठकांमध्ये केलं. ऑलिव्ह लवकर गेली म्हणून ती प्रतीक झाली. ज्या जगल्या त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि म्हातारीचं पोस्टर होत नाही. पण मुलाखतींमुळे हा तोल बराच सावरला गेला. ऑलिव्हबद्दल विचारलं की बायका स्वतःबद्दल, एकमेकींबद्दल, केंद्रात कोण चहा करायचं आणि कोण टाइप करायचं त्याबद्दल बोलतात. एका नावाचं दार उघडून पंधरा जणी आत येतात. त्यासाठी मुलाखत घेणारीला ‘ऑलिव्ह कशी होती’ एवढ्यावर न थांबता ‘तुम्ही तेव्हा काय करत होता’ हेही विचारावं लागतं.

मँचेस्टरचा भाग

ऑलिव्हची मँचेस्टरमधली तीन वर्षं लंडनच्या मानानं कमी सांगितली जातात. तिथं ज्यांच्याबरोबर तिनं काम केलं त्यांतल्या कॅथ लॉक यांचा वाटा फार मोठा आहे. तिथल्या स्त्रियांच्या गटातून १९८० मध्ये अबासिंडी ही सहकारी संस्था निघाली. केस विणण्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत आणि ढोल-नृत्याच्या पथकापर्यंत सगळं तिच्या छत्राखाली चाललं. म्हणजे ‘कलेच्या माध्यमातून चळवळ’ असा शब्द कोणाला सुचायच्या आधीच मॉस साइडमधल्या बायका ते करत होत्या. कॅथ लॉक यांच्या नावानं त्याच शहरात आज एक आरोग्य आणि समाजकेंद्र आहे, आणि तिथं तपासणीसाठी येणाऱ्या सगळ्यांनाच त्या कोण होत्या हे माहीत असेल असं मला वाटत नाही. शहरातल्या अहमद इक्बाल उल्ला या वंशसंबंधांच्या अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयात त्या पिढीच्या मुलाखती आणि कागदपत्रं आहेत. हा विषय घेऊन काही करू पाहणाऱ्यानं लंडनच्या आधी तिथं जावं. पत्र पाठवून वेळ ठरवावी, कॅटलॉग आधी वाचावा आणि पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण यंत्र पिशवीतच ठेवावं.